स्वामीजींनी सांगितलेल्या पत्रावर सही करू का?

पत्राचा सारांश:

नागपुरातल्या ६१ वर्षांच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं हे पत्र आहे. शहरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका छोट्या आश्रमाच्या ट्रस्टच्या त्या १४ वर्षांपासून बिनपगारी सचिव आहेत. यजमान गेल्यानंतरच्या पडत्या काळात तिथल्या स्वामीजींनी त्यांना सावरलं, म्हणून हे काम त्यांनी सेवा म्हणूनच केलं.

दहाएक वर्षांपूर्वी एक जर्मन बाई स्वामीजींची उपनिषदांवरची प्रवचनं ऐकायला आल्या आणि मग दर हिवाळ्यात येत राहिल्या. स्वयंपाकघरात बसून त्या भाजी निवडायच्या, मुली त्यांना मावशी म्हणायच्या. खेड्यापाड्यांतल्या मुलींसाठी वसतिगृह बांधायला त्यांनी मोठी देणगी दिली. तळमजला झाला, तिथे आज २२ मुली राहून शिकतात. वरच्या मजल्यासाठी आलेल्या पैशातून मात्र सत्संग सभागृहाची फरशी बदलली गेली, आणि गुडघ्यांमुळे स्वामीजींना प्रवास झेपत नाही म्हणून एक गाडी घेतली गेली.

गेल्या डिसेंबरात बाईंनी गाडी पाहिली. भर सत्संगात त्या ‘माझ्या पैशाची गाडी’ असं बोलून गेल्या. स्वामीजींनी त्यांना दुसऱ्या दिवसापासून आश्रमात पाय ठेवू नका म्हणून सांगितलं. बाई नागपुरात हॉटेलात उतरल्या, तिथून त्यांनी आपल्या देशातल्या इतर देणगीदारांना ई-मेल पाठवले. आता त्यांना लेखी हिशेब हवा आहे, नाहीतर सरकारकडे तक्रार करू म्हणतात. सभागृहाच्या दाराशी त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर एका कार्यक्रमाचा फ्लेक्स लावला होता. कार्यक्रम होऊन गेला, फ्लेक्स तसाच आहे.

नुकताच विश्वस्त झालेला स्वामीजींचा पुतण्या म्हणतो, ‘बाईच्या व्हिसाचीच तक्रार टाकू.’ आणि स्वामीजींनी ताईंना सांगितलं आहे की सगळा खर्च बाईंच्या तोंडी संमतीने झाला असं पत्र तयार करा आणि सचिव म्हणून सही करा. फरशीच्या वेळी बाईंनी मान डोलावली होती, हे ताईंना आठवतं. गाडीबद्दल त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. शेवटच्या दोन वर्षांत आलेली काही रक्कम ‘बँकेची कटकट नको म्हणून’ पुतण्याच्या खात्यात घेतली होती, असंही ताई लिहितात.

‘सही केली तर खोटं, नाही केली तर गुरुद्रोह. राजीनामा देऊन मोकळी होऊ का? की तुकोबांनी नजराणा परत केला तसे आम्हीही पैसे परत करून टाकावेत?’


प्रिय ताई,

सगळ्यात आधी जे सांगायचं ते सांगून टाकते. त्या पत्रावर सही करू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आजच ठरवून टाका. स्वामीजींनी पुन्हा विचारलं तर ‘मला थोडा वेळ द्या’ एवढंच म्हणा. तेवढं म्हणायचा हक्क १४ वर्षांच्या सेवेने तुम्हाला नक्की दिलेला आहे.

आता तुमच्या पत्रातल्या अशा एका ओळीबद्दल, जी तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. पुतण्याच्या खात्यात पैसे आले, ही ती ओळ. मला विचाराल तर गाडी, फरशी, भांडण, ई-मेल या सगळ्यांपेक्षा ती गंभीर आहे. परदेशी नागरिकाने भारतातल्या संस्थेला दिलेला पैसा एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी नियमनाच्या २०१० च्या कायद्याखाली येतो. त्यासाठी संस्थेची गृहमंत्रालयाकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२१ पासून तर असा पैसा सर्वात आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावा लागतो, तिथून तो तुमच्या नागपूरच्या खात्यात आणता येतो. बाईंनी इथे येऊन युरो बदलून रुपये हातात दिले असतील तरीही ती विदेशी देणगीच, कारण देणारा कोण हे पाहिलं जातं, नोट कोणती हे नाही. आणि ज्या कामासाठी पैसा आला त्याच कामासाठी तो वापरायचा, असं हाच कायदा सांगतो. वसतिगृहाच्या पैशाची गाडी झाली हा केवळ बाईंच्या नाराजीचा विषय उरत नाही, तो इथे कायद्याचा विषय होतो.

म्हणजे स्वामीजी तुमच्याकडे जी सही मागतात, ती एका रागावलेल्या भक्ताला उत्तर म्हणून मागत आहेत असं त्यांना वाटत असेल. प्रत्यक्षात तो कागद उद्या चौकशीत समोर ठेवला जाईल आणि त्याच्याखाली नाव तुमचं असेल. स्वामीजींना याची कल्पना नसावी असं मी धरून चालते. पुतण्याला नसेल असं मात्र मी म्हणणार नाही.

राजीनाम्याचं म्हणाल तर सध्या नको. तुमच्या कार्यकाळात जे व्यवहार झाले त्यांची जबाबदारी राजीनाम्याने पुसली जात नाही, आणि कागदपत्रं मात्र तुमच्या हातातून जातात. पावतीपुस्तकं, इतिवृत्ताची वही, बाईंचे जुने ई-मेल, सगळं ज्याच्या हाती जाईल तो पुढचा सचिव कोण असेल याचा अंदाज तुम्हाला आहेच. आधी या सगळ्याच्या प्रती काढून घरी ठेवा. फाइलमधलं पान काढू नका, घालू नका, जसं आहे तसं. राजीनामा नंतरही देता येतो.

आता गुरुद्रोहाकडे येते, कारण तुमची झोप त्याने उडाली आहे हे तुमच्या अक्षरावरूनही कळतं. पहिली दोन पानं किती नेटकी, आणि तिथे आल्यावर खाडाखोड.

गुरूच्या शब्दाबाहेर जायचं नाही हे आपल्याकडे लहानपणापासून मुरलेलं आहे आणि त्यात मोलाचं बरंच काही आहे. पण तुम्ही ज्यांच्याकडून उपनिषदं ऐकलीत त्यांनी तुम्हाला ‘सत्यं वद’ शिकवलंच असेल. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य पहिली आज्ञा करतात ती हीच. आणि त्याच उपदेशात पुढे आचार्य म्हणतात की आमची जी चांगली आचरणं असतील तेवढीच तुम्ही घ्या, इतर नाहीत. हे कोणी आधुनिक टीकाकार म्हणत नाहीये ताई, हे गुरूच शिष्याला सांगताहेत. तुम्ही सही नाकारलीत तर स्वामीजींच्या शिकवणुकीच्या विरोधात जाता असं मला कुठूनही दिसत नाही.

संतमाणसाला हिशेब कशाला विचारायचा, असं तुम्ही पत्रात एके ठिकाणी लिहिलं आहे. आश्रमातले बरेचजण तसंच म्हणत असतील. याला माझ्याकडे सगळ्यात चांगलं उत्तर विवेकानंदांचं आहे. एका कामासाठी जमलेला पैसा दुसऱ्या कामाला कधीही लावायचा नाही, पुढच्या घटकेला उपाशी राहायची वेळ आली तरी नाही, अशी ताकीद त्यांनी आपल्या गुरुबंधूंना पत्रातून दिली होती. हिशेब चोख ठेवा, हे तर ते पुन्हा पुन्हा लिहीत. ज्यांनी सगळा देश पालथा घातला, स्वतःजवळ काही ठेवलं नाही, त्यांना हे इतकं महत्त्वाचं का वाटलं असेल? मला वाटतं, संन्याशाला स्वतःचं काही नसतं, म्हणूनच त्याच्या हातातला प्रत्येक पैसा दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

आणि परदेशी भक्तांशी बिनसणं त्यांनाही चुकलं नाही. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या आश्रमात जे झालं ते कुठे झालंच नसेल अशी तुमची समजूत दिसते. ई. टी. स्टर्डी हे इंग्लंडमधले त्यांचे मोठे आधार. १८९५ मध्ये विवेकानंद त्यांच्या घरी राहिले, नारदभक्तिसूत्रांच्या भाषांतरात दोघांनी मिळून काम केलं. १८९९ पर्यंत हेच स्टर्डी दुरावले. संन्याशांच्या राहणीत ऐषआराम आला आहे, अशी त्यांची तक्रार होती. विवेकानंदांनी अमेरिकेतून त्यांना लांबलचक उत्तर लिहिलं. ते वाचताना माणूस किती दुखावला होता हे कळतं. कसला ऐषआराम, असं ते उलट विचारतात आणि इंग्लंडमध्ये काय खायला मिळालं, कुठे कसं राहावं लागलं, याची आठवण करून देतात. तुमच्या स्वामीजींची गाडी आणि गुडघे मला तिथे आठवले. दोन्ही प्रकरणं सारखी नाहीत, पण दुखणं एकाच जागी आहे. ज्याच्यासमोर आपण मोकळेपणाने राहिलो, त्याने आपला घास मोजला ही भावना.

दुसऱ्या हेन्रिएटा म्युलर. विवेकानंदांनी उभारलेल्या, कोलकात्याजवळच्या बेलूर मठाची जमीन १८९८ मध्ये घेतली गेली ती मुख्यतः त्यांच्या देणगीतून. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी या कार्याशी असलेला आपला संबंध जाहीरपणे तोडला. तरी मठ उभा राहिला. १९०१ मध्ये विवेकानंदांनी विश्वस्तपत्र करून सगळी मिळकत गुरुबंधूंच्या विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केली. दात्याची मर्जी फिरली म्हणून जमीन हलली नाही आणि संस्थापकाच्या घरच्या कुणाच्या नावावर ती गेलीही नाही.

आणि हे सगळं पाहून ‘गोऱ्या लोकांना आपला गुरुभाव कळतच नाही’ असं म्हणायला जाल, तर त्याच वर्तुळातले सेव्हियर दांपत्य आठवा. हिमालयात मायावतीचा अद्वैत आश्रम १८९९ मध्ये त्यांच्यामुळे उभा राहिला. कॅप्टन सेव्हियर पुढच्याच वर्षी तिथे वारले, तिथेच नदीकाठी हिंदू पद्धतीने त्यांना अग्नी दिला. सेव्हियरबाई त्यानंतरही अनेक वर्षं त्या डोंगरात राहिल्या. एकाच गुरूचे इंग्लंडमधले भक्त, कुणी दुरावलं, कुणी जन्म तिथेच काढला. जर्मन असण्याने तुमच्या मावशींचं काही ठरत नाही. भरघोस देणगी देऊन मग दर कार्यक्रमात खुर्ची पुढे मागणारे दाते आपल्या नागपुरातही काही कमी नाहीत.

आपल्या बाजूचंच एक उदाहरण आहे, ते मला जास्त जवळचं वाटतं. श्रीपुरोहित स्वामी मूळचे बडनेऱ्याचे, जन्म १८८२ चा. गुरूंच्या इच्छेने ते १९३० च्या सुमाराला इंग्लंडला गेले. कवी येट्स यांची मैत्री लाभली, दोघांनी मिळून दहा उपनिषदांचं इंग्रजी केलं आणि ते १९३७ मध्ये प्रसिद्ध झालं. लंडनमध्ये त्यांना आधार दिला तो ग्विनेथ फोडेन या बाईंनी. भाषांतराच्या कामासाठी मंडळी स्पेनच्या माजोर्का बेटावर गेली आणि १९३६ मध्ये तिथेच बाईंचं आणि स्वामींचं बिनसलं. बाई निघून गेल्या आणि स्वामींविरुद्ध तक्रारी करत राहिल्या. त्याच वर्षी स्वामी भारतात परतले. ग्रंथ मागे राहिला, पण लंडनमध्ये या दोघांच्या नात्यावर जे काम उभं होतं ते पुढे चाललं नाही. बेलूरशी ताडून पाहा. तिथे संस्था कागदावर पक्की होती, इथे सगळं माणसांच्या मनोमिलनावर होतं. तुमच्या आश्रमात २२ मुली राहतात ताई. त्यांचं जेवणखाण कुणाच्या मनोमिलनावर ठेवता येणार नाही.

आता दोघांची बाजू. मला स्वामीजी लबाड वाटत नाहीत. आयुष्यभर चटईवर झोपलेल्या माणसाला सत्तरीत गुडघे दुखल्यावर कुणीतरी गाडी आणून दारात उभी केली, त्याने कुठल्या शीर्षकातून पैसे आले हे विचारलं नाही. गुरूपुढे ठेवलेलं परत मोजायचं नसतं, या वळणात ते वाढले. त्यात भर सत्संगात, रोज पाया पडणाऱ्या लोकांसमोर ‘माझे पैसे’ हे शब्द कानावर आले. कुणालाही लागतील. बाईंची चूक तिथे नक्की आहे. हिशेब एकांतात मागता आला असता, आणि ट्रस्टला पत्र पाठवण्याआधी इतर देणगीदारांना ई-मेल पाठवणंही बरं झालं नाही.

पण बाईंच्या बाजूने पाहा. त्यांनी पैसे गुरूच्या चरणी वाहिले नव्हते. मुलींच्या वरच्या मजल्यासाठी म्हणून ट्रस्टला दिले, आणि ट्रस्टने ते त्याच कारणासाठी म्हणून घेतले. एकाने मनात एक धरलं, दुसऱ्याने दुसरं, आणि दहा वर्षांत कुणालाही ते बोलावंसं वाटलं नाही कारण सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. यात ट्रस्टचे सगळे विश्वस्त आले. तुमच्यावर ठपका ठेवायला मी हे लिहीत नाही. स्वामीजी आणि बाई यांच्यापैकी एकाला खोटं ठरवल्याशिवाय सुटका नाही असं जे तुम्हाला वाटतंय, ते तसं नाही, एवढं दाखवायला लिहिते.

तुकोबांचा दाखला तुम्ही मनापासून दिला आहे, पण तो इथे लागू पडत नाही. तुकोबांनी नजराणा आला तसा, हात न लावता परत पाठवला. तुमच्याकडे पैशाच्या खोल्या, फरशी आणि गाडी झालेली आहे. आता परत करायचे तर कुठून करणार? गावातल्या माणसांनी अन्नदानासाठी दिलेल्यातून? तो पैसा वळवणं म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा. शिवाय सार्वजनिक ट्रस्टची रक्कम भांडण झालं म्हणून परदेशात परत पाठवणं इतकं सरळ नसतं. सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही हलवू नका. रागात केलेला त्याग दिसायला भारदस्त असतो, निस्तरायला मागच्यांना लागतो.

मग करायचं काय ते सांगते.

पहिलं, गाडीचं आरसी बुक बघा. गाडी ट्रस्टच्या नावावर आहे की पुतण्याच्या? ट्रस्टच्या नावावर असेल तर चूक दुरुस्त करता येण्यासारखी आहे. गाडी विकून किंवा स्थानिक भक्तांकडून त्या कारणासाठी वेगळी वर्गणी घेऊन वसतिगृहाच्या खात्यात रक्कम परत कशी भरायची, हे सीए नीट सांगेल. पुतण्याच्या नावावर असेल तर प्रकरण वेगळं आहे आणि मग वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

सीए मात्र आश्रमात दर्शनाला येणारा नको. ज्याला एफसीआरएची कामं रोजची आहेत असा, फी देऊन घ्या. त्याच्यापुढे सगळं ठेवा, पुतण्याच्या खात्यातल्या रकमेसकट. काही चुका दंड भरून मिटवण्याची सोय या कायद्यात आहे. आपण होऊन गेलेल्या संस्थेची गोष्ट वेगळी असते आणि तक्रारीनंतर पकडलेल्या संस्थेची वेगळी. पुतण्या विश्वस्त झाला त्याचा बदल अर्ज ९० दिवसांत नागपूरच्या धर्मादाय कार्यालयात गेला होता का, हेही त्याच वेळी बघून घ्या. नसेल गेला तर त्याच्या विश्वस्तपणाचाच प्रश्न उभा राहील.

व्हिसाची तक्रार करायचं जे बोलणं चाललं आहे ते तिथल्या तिथे थांबवा. ते सुडाचं आहे, हे एक कारण पुरेसं आहे. पण ज्यांना ते पुरणार नाही त्यांना हे सांगा की परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची जबाबदारी आश्रमाची असते. दहा हिवाळे बाई राहिल्या. दर वेळी ती कळवली होती का? नसेल तर तक्रारीची पहिली चौकशी तुमच्याच दारात येईल.

मग स्वामीजींशी बोला. सत्संगानंतर नको, पुतण्या असताना नको. पहाटेच्या पूजेनंतर ते एकटे बसतात असं तुम्ही लिहिलं आहे, ती वेळ धरा. हातात वही असू द्या पण उघडू नका. मी तुमच्या जागी असते तर साधारण असं बोलले असते: ‘स्वामीजी, तुमच्यावर कुणी बोट ठेवलेलं मला बघवत नाही, म्हणूनच ही सही मी करू शकत नाही. हा कागद खोटा ठरला तर तुमची तीस वर्षांची शिकवण लोक त्या कागदावरून मोजतील. फरशीला बाई हो म्हणाल्या होत्या, ते मी लिहून देते. गाडीचं त्यांना विचारलं नव्हतं, तेही लिहावं लागेल. पैसे वसतिगृहाकडे परत वळवायची वाट सीए काढून देतो आहे.’ एवढं बोलून थांबा. ते रागावतील. कदाचित तुम्हालाही जा म्हणतील. तेव्हा वाद घालू नका, नमस्कार करून निघा आणि दुसऱ्या दिवशी विश्वस्तांच्या सभेची नोटीस काढा. सभा बोलावणं हे सहसा सचिवाचंच काम असतं.

सभेत बहुमत तुमच्या विरुद्ध गेलं तर आपलं विरोधी मत इतिवृत्तात शब्दशः नोंदवून घ्या आणि त्याची प्रत मागून घ्या. राजीनाम्याचा विचार त्यानंतर करायचा, आधी नाही.

बाईंना उत्तर ट्रस्टच्या ठरावाने जाऊ द्या, तुमच्या एकटीच्या नावाने नको. छोटं लिहा. तुमची देणगी कोणकोणत्या तारखांना आली, कशासाठी आली, कशावर खर्च झाली, किती रक्कम दुसऱ्या कामावर गेली आणि ती कधीपर्यंत परत वळवली जाईल. सोबत सीएने तपासलेलं विवरण. त्यांनी सत्संगात काय म्हटलं, कुणाला काय लिहिलं, त्यातलं अवाक्षर नको. स्वामीजींच्या वतीने माफीही नको, ती मागायची की नाही हे त्यांचं ते बघतील. त्याशिवाय तुमची म्हणून एक वेगळी चिठ्ठी लिहावीशी वाटली तर अवश्य लिहा, त्यात हिशेब नको. दहा वर्षं जिच्याशेजारी बसून भाजी निवडली तिची चौकशी करायला कुणाचा ठराव लागत नाही.

तो फ्लेक्स उतरवा. त्यासाठी सभा नको.

दोघांना समोरासमोर बसवायचं का, असंही तुम्ही विचारलं आहे. हिशेब जाण्याआधी नको. हातात कागद नसताना बसले तर दोघंही एकमेकांच्या श्रद्धेवर बोलतील आणि आणखी दुरावतील. नंतर बसवायचं तर दोघांना मान्य असलेलं एखादं वडीलधारं माणूस मध्ये घ्या. तुम्ही मध्यस्थ होऊ नका. तुम्ही या प्रकरणात साक्षीदार आहात, दोन्ही कामं एकाच माणसाला जमत नाहीत.

अशाच छोट्या संस्थांत काम करणाऱ्या इतर वाचकांनाही दोन शब्द. तुमच्याकडे परदेशी, किंवा कुठलीही मोठी देणगी येत असेल तर घेण्याआधीच एका कागदावर तीन गोष्टी लिहून दोघांनी सह्या करा: कशासाठी, खर्च बदलायचा झाला तर लेखी विचारणा कशी करायची, आणि वर्षातून कधी हिशेब पाठवायचा. देणाऱ्याला हे सांगायला संकोच वाटतो, अविश्वास दाखवल्यासारखं होतं, मला ठाऊक आहे. पण ज्या दिवशी दोघांचं गूळपीठ असतं त्या दिवशीच तो कागद दोन मिनिटांत होतो. कुणाच्याही, अगदी अध्यक्षांच्याही, वैयक्तिक खात्यात एक पैसा घेऊ नका. आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलेला आपलाच भाचा अमेरिकेहून पैसे पाठवत असेल तरी पासपोर्ट परदेशी आहे, तेव्हा संस्थेसाठी ती विदेशी देणगीच ठरते. इथे पुष्कळजण फसतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून पाठवले तर मात्र नाही.

ताई, तुम्ही शेवटी विचारलंत, हे सगळं झाल्यावर मी गुरुवारी तिथे कशी जाऊ, आणि जे ऐकलं ते सगळं वायाच गेलं का. यजमान गेले तेव्हा त्यांच्या शब्दांनी तुम्ही उभ्या राहिलात, ते घडून गेलेलं आहे. गाडीच्या पावतीने ते खोडलं जात नाही. शिकवणूक खरी असू शकते आणि शिकवणाऱ्याच्या हातून व्यवहारात चूकही होऊ शकते, या दोन्ही गोष्टी एकदम मनात धरायला जड जातात, पण तुम्ही शाळा चालवली आहे, तुम्हाला ते जमेल. काही गुरुवार जावंसं नाही वाटलं तर नका जाऊ. घरी वाचा. मन शांत झालं की पाय आपोआप वळले तर वळू द्या.

एक काम मात्र या सगळ्यासाठी थांबणारं नाही. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. २२ मुलींच्या पुढच्या वर्षाच्या धान्याची, फीची आणि गाद्यांची तरतूद आजवर बाईंच्या पैशातून व्हायची आणि यंदा ती येईल असं धरू नका. गावातल्या आणि नागपुरातल्या भक्तांकडून फक्त वसतिगृहासाठी वेगळं पावतीपुस्तक काढून आत्तापासून वर्गणी सुरू करा, आणि मुलींच्या पालकांना फोन करून सांगा की वसतिगृह चालू राहणार आहे. त्यांच्या कानावर काहीबाही गेलं असेल, आणि एखाद्या बापाने त्यावरून मुलीचं नाव काढून घेतलं तर ती परत यायची नाही.